तोंडावर बोट

“हाताची घडी, तोंडावर बोट,” रतनबाई दारातनंच गरजल्या.

अंगणवाडीत नुसता बाजार भरला होता. कुणी परातीतल्या पाण्यात वाट्या बुडवत होतं, कुणी चिंचोके सांडले होते, एकानं तर गालाला गेरू फासला होता. आणि ह्या सगळ्या राड्यात, सतरंजीवर, तालुक्याहून तपासणीला आलेल्या मॅडम बसल्या होत्या. अंगणवाडीची सेविका म्हणजे रतनबाईंची सून प्रेमला. ती पोरं आवरायची सोडून त्यांच्यातच फतकल मारून बसलेली.

रतनबाईंचे गुडघे सकाळपासून बोलत होते. त्यात इंग्लिश शाळेची गाडी आली नाही आणि चार वर्षांची नात ईरा गळ्यात पडली. तिला आईच्या हवाली करावं आणि घरी जाऊन पाठ टेकावी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण समोरचा तमाशा बघून पाय अडला. पोरं कमी म्हणून ही अंगणवाडी हायवेपलीकडच्या अंगणवाडीत मिसळायचं घाटत होतं. आज चांगले गुण पडले, आदर्श अंगणवाडीचा मान मिळाला, तरच ती वाचणार होती. प्रेमला महिनाभर धड झोपली नव्हती. अन् आता ही अशी अवदसा.

त्यांच्या आरोळीनं अंगणवाडीतलं एकही पोर हललं नाही. ओमनं तेवढी मान वर केली.

“आज्जी, चपला भायेर काढा. मंग तुमाला बी वाटी देतो.”

मॅडम हसल्या. रतनबाईंना ते हसू झोंबलं.

“प्रेमला, जरा वळण लाव की गं. काय म्हणतील ह्या?”

“राहू द्या, आत्या,” प्रेमला दमल्या आवाजात म्हणाली. वर्षापूर्वी ईराला इथंच घालू म्हणाली होती, तेव्हाही असंच हळू. “सरकारी खिचडीवर माझी नात वाढायची न्हाई,” म्हणून रतनबाईंनी तिथल्या तिथं तोडलं होतं.

मॅडम उठल्या आणि दाराशी थबकल्या. आजीची आरोळी ऐकल्यापासून ईरा भिंतीला पाठ लावून बसली होती. ताठ. एक हात छातीशी, दुसऱ्याचं बोट ओठांवर.

मॅडमनी वाटी पुढं केली. “खेळतेस?”

ईराचे डोळे पाण्याकडं गेले. बोट हललं नाही.

“नाव काय तुझं?”

डोळे आजीकडं गेले. बोट तिथंच.

“बोट काढ, बाळा,” प्रेमला म्हणाली. पोरीनं श्वाससुद्धा जपून घेतला.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी पेन उघडलं.

“सेविकाताई, हे मूल इतकं कशाला घाबरलंय? इथं मारतं का कुणी?”

प्रेमलानं तोंड उघडलं. सासूकडं बघितलं. परत मिटलं. घरातलं चारचौघांत काढायचं नाही, हे वळण तिला रतनबाईंनीच लावलं होतं.

पेन कागदाला टेकलं.

रतनबाई भिंतीचा आधार घेत नातीशेजारी खाली बसल्या.

“थांबा, मॅडम. ती हितली न्हाई. तिला मी इंग्लिश शाळेत पैसं भरून असं बसाय शिकवलंय.”