चाकांची माती

अकोल्याच्या खुशालराव घड्याळजींनी भंगारात मिळालेली प्लास्टिकची खेळण्यातली रेसची मोटार खरवडून रंगवली, गजराच्या घड्याळातली दांडी घालून तिची चाकं फिरती केली. तेव्हापासून रोज दुपारी कुलूपबंद कपाटात ठेवूनही त्या चाकांना ओली काळी माती लागलेली असायची. तीही भर चैतात!

"अजी, देऊन टाका ना कोनाले," बायको वच्छला म्हणाली.

"कावून देऊ? आज चाकंच चिकटवतो. पाहू कशी जाते!"

चारही चाकं पक्की चिकटवून ते कपाटासमोर ठाण मांडून बसले. दुपारभर जागचे हलले नाहीत. मोटारही हलली नाही. चाकं कोरडीठाक.

"जिरली!" खुशालराव हसले.

चहा घेऊन आलेली वच्छला दारातच थबकली. "तुमी कुठी जाऊन आले?"

त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओल्या काळ्या मातीनं माखले होते.