सहा अंकांनी बाद

"बाद म्हणजे?" वसुधाताईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण जपमाळ मुठीत आवळली गेली होती.

डॉक्टर रुचिराने मास्क खाली ओढला. "काकू, रक्त तपासून काढतात तो ऑक्सिजनचा आकडा, बोटावरचा नव्हे, दीडशेच्या खाली असेल तरच या नव्या उपचाराच्या चाचणीत स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, देता येतात. काकांचा आज एकशे छप्पन्न आला. चांगलंच झालं ना!"

"चांगलं झालंय तर काढा व्हेंटिलेटर."

रुचिराने हातातली फाईल मिटली.

"त्या विषाणूनं फुप्फुसं पार कामातून गेली, आता हाच एक उपाय उरलाय, असं सांगून काल सही घेतलीत. आज सहा अंकांसाठी नाही म्हणता? माणूस अजून थोडा मरायला हवा होता का?"

"नियम माझे नाहीत हो. आणि या पेशींनी गुण येतोच असंही नाही. तेच तर तपासतोय."

"मग ह्यांच्यावर तपासा ना, बाई!"

लिफ्ट उघडली. पेशींचा निळा डबा आला. रुचिराने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "संघमित्राताई, तुमच्या भाऊरावांचा आकडा सकाळी घसरलाय. आज त्यांना देता येईल. सही कराल?"

संघमित्रा दचकून उठली. मुलुंडच्या या हॉस्पिटलात दोघी आठवडाभर खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या, एकमेकींचे डबे राखत. तिने सही केली. निळा डबा आत गेला.

परत खुर्चीत बसून तिने थर्मासमधला चहा ओतला. "ताई, आता तरी उपास सोडा. तुमचे मिस्टर सुधारले. आमचे बघा, बिघडले म्हणून नंबर लागला." ती हसायला गेली आणि तिचे डोळेच भरून आले.

वसुधाताईंनी कप घेतला नाही. पहाटे गणपतीपुढे एकवीस आवर्तनं करून त्यांनी एकच मागणं मागितलं होतं: ह्यांचा ऑक्सिजन वाढू दे.

"एवढी घाई कशाला केलीस रे?" त्या पुटपुटल्या. "आजचा दिवस थांबला असतास तर?"

फोनवर संध्याकाळच्या जपाचा गजर वाजला.

"बसा जपाला, ताई," संघमित्रा म्हणाली. "आमच्यात असं मागत नाहीत. पण तुमचं तो ऐकतो म्हणायचं."

वसुधाताईंनी पहिल्या मण्यावर बोट ठेवलं. मणी पुढे सरकेना.

"मागू काय गं आता?" त्यांनी विचारलं. "आकडा वर जाऊ दे म्हणू, की खाली?"