खालच्या मजल्यावरचा श्रोता

"आई, ती पत्रं देऊ नकोस त्यांना," नेत्रा फोनवर म्हणाली. "मी सांगितलं होतं ना?"

सुहासिनी तोवर सभागृहाच्या लॉबीत पोचली होती. पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात सात पत्रं.

"अगं, काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. फाटणार नाहीत," ती म्हणाली. "ओगावा-सान माझी वाट बघतायत. तू आपली बोटं गरम कर."

"ती खासगी आहेत, आई. डबा घेऊन आधी वर ये, ग्रीनरूममध्ये. प्लीज."

"तुझ्या बाबांचं अख्ख्या तोझाई मेट्रो लाइनला सांगून झालंय. आता कसलं खासगी?"

सुहासिनीने फोन ठेवला. लेकीला स्वतःचं कौतुक कधी पचलंच नाही, आणि निदान आजच्या दिवशी तरी तिचं ऐकायचं नाही, असं ठरवूनच ती घरून निघाली होती.

गोष्ट होती बारा वर्षांपूर्वीची. तिच्या नवऱ्याने, विनयने, सेकंडहँड पियानो घेऊन तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणला, तेव्हाच बजावलं होतं, "शेजाऱ्यांची एक तक्रार आली की पियानो दुकानात परत. आपल्याला राहायचंय इथे." विनय शब्दाचा पक्का. दहा वर्षांची नेत्रा त्या दिवशी पियानोच्या स्टुलावरून जेवायलासुद्धा उठली नाही.

दोन आठवड्यांनी टपालपेटीत पहिलं पत्र आलं. खालच्या कितागावाआजोबांचं. उभ्या ओळी, सुबक हस्ताक्षर. विनयचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, सुहासिनीचं जपानी भाजीपाल्यापुरतं, आणि फोनमधल्या भाषांतराने त्या अक्षरापुढे हात टेकले. घरात जपानी वाचणारी एकटी नेत्राच.

तिने दोनदा मनात वाचलं. मग म्हणाली, "छान वाजवतेस, म्हणतायत. रोज संध्याकाळी ऐकतात. थांबू नकोस, असं लिहिलंय."

विनयचा जीव भांड्यात पडला. सुहासिनी चकल्यांचा डबा भरून खाली गेली. आजोबांनी दार वीतभर उघडलं, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून काहीतरी पुटपुटले, अगदी हळू. माणूस फार लाजाळू आहे, असं तिने वर येऊन सांगितलं.

मग दर महिन्याला पत्र यायचं आणि दर पत्रामागे डबा खाली जायचा. चिवडा, शंकरपाळे, एकदा तर पुरणपोळ्या. डबा धुऊनपुसून परत यायचा, आत दोन संत्री. ‘कालचं पुन्हा ऐकव,’ ‘अजून थोडा वेळ वाजवत जा,’ नेत्रा वाचून दाखवायची. आजोबांची फर्माईश म्हणून विनय तिला तासभर जास्तच बसवायचा.

सातवं पत्र मार्चमध्ये आलं. एवढंसंच होतं, पण नेत्राने ते बराच वेळ हातात धरलं.

"हवं तितकं वाजवा, म्हणतायत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सुहासिनीला भरून आलं. तिने बेसनाचे लाडू वळले. आजोबा सूट घालून कुठेतरी निघाले होते. डबा घेताना ते इतका वेळ वाकून उभे राहिले की तिलाच संकोच वाटला. त्याच आठवड्यात कचऱ्याच्या जागेपाशी, मोठं सामान टाकून देताना लावायचं स्टिकर चिकटवलेली, बाजूला कठडे असलेली एक खाट दिसली. आजोबा फर्निचर बदलतायत वाटतं, ती विनयला म्हणाली. पण त्याचं लक्ष नेत्राकडे होतं. पोरगी तापाने फणफणली होती आणि पुढचे अकरा दिवस तिने पियानोला हात लावला नाही.

उठली ती मात्र झपाटल्यासारखी वाजवायला लागली. घर बदलूया, हा हट्टही तिचाच. वर्षभरात ते उरायासुला गेले. पुढे संगीत महाविद्यालय, स्पर्धा, बक्षिसं, आणि बाविसाव्या वर्षी आज तोक्योतला पहिला एकटीचा कार्यक्रम. स्पर्धा कितीही मोठी असो, संध्याकाळी सहानंतर ती पियानोचं झाकण उघडत नाही. मनगट दुखतं म्हणते.

विनयने एका मुलाखतीत आजोबांची गोष्ट सांगितली, ती छापून आली, आणि आयोजकांनी पत्रं मागितली. आजोबांना पहिल्या रांगेचं आमंत्रणही गेलं. नेत्राने त्यालाही नको म्हटलं होतं. मध्यंतरात सुहासिनी स्वतः रंगमंचावर जाऊन त्यांना शाल देणार होती. तिच्या लेकीचं सगळं ज्यांच्यामुळे झालं, त्यांचे एकदा जाहीर आभार मानले की तिला सुटल्यासारखं वाटणार होतं.

आजोबा आलेही होते. लॉबीतल्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून, एकटेच बसले होते. तिने लांबूनच वाकून नमस्कार केला. तेही वाकले.

ओगावा-सान आयोजकांकडच्या तरुण बाई. त्यांनी डबा उघडून सगळ्यात वरचं, शेवटचं पत्र उचललं. भाषांतराचं कार्ड लिहायला पेनही काढलं. वाचता वाचता पेन खाली आलं. मग त्यांनी एकेक करत बाकीची सहाही वाचली.

"नेत्रा-साननी ही वाचली आहेत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तीच तर आम्हाला वाचून दाखवायची," सुहासिनी हसून म्हणाली. "शेवटचं मोठ्याने वाचा ना. सगळ्यात सुंदर तेच आहे."

जिन्यावरून नेत्रा धावत येत होती, कार्यक्रमाच्या पोशाखात, अनवाणी. ओगावा-साननी बाकावरच्या आजोबांकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात, शब्द जुळवत, इंग्रजीत वाचायला सुरुवात केली.

"सहा वेळा विनंती करून तुम्हाला त्रास दिला, क्षमा असावी. माझी पत्नी काल पहाटे गेली. आता हवं तितकं वाजवा."