बांडगुळाचा काढा

"अक्का, आज काढा दिला का त्यांना?" ओसरीवर पाय ठेवताच हेमलताने विचारलं.

सुगंधाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "आजून नही. उकळी राह्यना. बसा ना, ताई."

हेमलता मटकन खाली बसली. जळगावहून पारोळ्यापर्यंत बस, पुढे गावापर्यंत रिक्षा. आणि सुगंधाबाईंचा फोन सकाळपासून बंद. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बांडगुळांवर तिचं काम चालू होतं, म्हणून मागच्या आठवड्यात या घरी आली होती. अर्धांगाने पडलेल्या नवऱ्याला, जीवरामनानांना, सुगंधाबाई आंब्यावरच्या बांडगुळाचा काढा देत. सुपात नव्याने वाळत घातलेल्या पाल्यातली एक जुडी त्यांनीच तिला दिली होती. त्यांच्या सेवेचं गावाला कौतुक होतं. लेक ममता चार वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेली, तेव्हापासून घरात दोघंच.

आत खाट करकरली. नानांची वाचा गेली होती. ते दारातून हेमलताकडे एकटक बघत होते.

तिने पिशवीतून एक काटकी काढली. "तुमच्या सुपातली. बांडगूळ फांदीत शिरतं, ती गाठ बघा. ही साल आंब्याची नाही, अक्का. कण्हेरीची आहे."

सुगंधाबाईंनी काटकी हातात घेतली, फिरवून पाहिली.

"बांडगूळ झाडातलं पाणी ओढतं. झाडात जे असेल तेही ओढतं," हेमलता म्हणाली. "कण्हेरीचं विष या पानांत उतरलंय. मी तपासून घेतलं. माणसाचं काळीज बंद पडतं याने. पाला सारखाच दिसतो, चूक कुणाचीही होईल. पण आता हे सगळं ओतून द्या."

सुगंधाबाईंनी पातेलं उतरवलं. फडक्यातून काढा पेल्यात गाळला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"आंबावर पाखरं बांडगुळनं बी टाकतस," त्या म्हणाल्या. "आमनी कन्हेरवर पाखरू बसत नही."

"मग हे आलं कुठून?"

सुगंधाबाई पेला घेऊन खाटेकडे निघाल्या.

"मन्ही ममताले यास्नी विहिरमा ढकली दिधं ना, ताई, त्याच आठवडामा ते बी मी कन्हेरले चोळं."