गोव्याला किती न्यायचे?

पोकरमधला सर्वांत मोठा डाव, रॉयल फ्लश, लागला असता तर माझ्या बायकोला, केतकीला, चार लाख मिळाले असते; पण तिचा डोळा होता अप्पांच्या चार शब्दांवर. आई गेल्यापासून माझे वडील बोलेनासेच झाले होते.

“अप्पा, गोव्याच्या कॅसिनोत मशीनवर पोकर खेळायचाय. पाच हजार पुरतील ना?” तिने साळसूदपणे विचारलं.

संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ताडकन उठून बसले. “अगं, तासाभरात हात हलवत परत येशील! पत्ते रुसले तर तग धरायला वीस हजार हवेत. थांब, मीच येतो.”

एकोणीस हजार गेले. परतताना अप्पा गाडीत अखंड बोलत होते. “बघ, अंदाजाच्या आतच हरलो!”

पैसे केतकीच्या बोनसचे होते. मी हळूच तिचा हात दाबला.

“निम्मे तू दे हं,” ती कुजबुजली.

मी सगळे दिले.