जहाजाचा फोल्डर

दोन हजार चार साल. खलाशांना कामावर पाठवणारी ती कचेरी. सगळ्यांचा मिळून एकच मेलबॉक्स होता आणि त्यात प्रत्येक जहाजाचा एक फोल्डर. त्या सकाळी ताईने धाकट्या भावाच्या जहाजाच्या फोल्डरवर पुन्हा क्लिक केलं. पडद्यावर तेच उत्तर आलं : परवानगी नाही.

नियम जुना होता. ज्याचं माणूस जहाजावर, त्याला त्या जहाजाचे मेल बंद. पूर्वी एका कारकुनाने आपल्या जावयाच्या जहाजाचा मेल अर्धवट वाचून घरी फोन केला होता. घरात रडारड झाली आणि दुसऱ्या दिवशी जावयाचा ठणठणीत आवाज फोनवर! तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या खलाशांच्या यादीला सगळे फोल्डर जोडले होते. माणूस बंदरात उतरला, यादीतून नाव निघालं, की फोल्डर आपोआप उघडायचा. भावाचा फोन येण्याआधी ताईला कळायचं, स्वारी घरी निघाली. ती लगेच भावजयीला कळवायची, "गादीला ऊन दाखव, आले तुझे कर्णधार!" भाऊ होता इंजिनखोलीतला मदतनीस. पण घरात तोच कर्णधार.

आज शेजारच्या टेबलावरची मैत्रीण गप्प होती. जेवतानाही जिचं तोंड थांबत नसे, तिने सकाळपासून आपला पडदा भिंतीकडे वळवला होता. तिला तो फोल्डर उघडा होता.

"काय आलंय गं?"

"काही नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

तिने बघितलं नाही. "साहेबांना विचार ना, बाई. माझ्या तोंडून नको."

साहेबांना सकाळीच वर बोलावलं होतं. ते अजून खाली आले नव्हते. ताई कॉम्प्युटर विभागात गेली. परवानग्या सांभाळणाऱ्या माणसाला सगळे किल्लेदार म्हणत.

"किल्लेदार, एकदा उघडून दे. डोकावते आणि जाते. कुणाला कळायचं नाही."

"ताई, तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण यादीत नाव आहे तोवर तो मलाही उघडता येत नाही. तसंच करून घेतलंय त्यांनी."

ती परत येऊन बसते तोच फोन वाजला. भावजय होती.

"ताई, टीव्हीवर वादळाचं सांगताहेत. तुम्ही तर तिथेच बसलाय. जरा बघून सांगा ना."

"बघते," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिने रिसीव्हर ठेवला आणि क्लिक करत राहिली. परवानगी नाही. परवानगी नाही. चहा समोर आला, गार झाला, कुणीतरी उचलून नेला. देवाला विनवावं तसं ती त्या पडद्याला विनवत होती, एकदाच उघड रे बाबा.

दुपारी फोल्डर उघडला.

मेलची रांग समोर आली. मैत्रीण खुर्ची ढकलून उठली. "नको वाचूस गं!" साहेब ताईला सांगायलाच जिना उतरत होते. पण वरच्यांनी त्याआधी यादी दुरुस्त केली होती. त्या यादीला काय जोडलेलं आहे, हे घाईत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ताईने एकही मेल वाचला नाही. जहाज अजून भर समुद्रात होतं.

पुढे साहेबांनी नियमात बदल करून घेतला, आधी माणसाला समोर बसवून सांगायचं, मगच फोल्डर उघडायचा, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली. किल्लेदार परदेशी गेला. अधूनमधून ताईला फोन करतो आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. मैत्रीण पुन्हा बडबडायला लागली, फक्त ताईसमोर जपून. भावजयीने शिवणकामावर मुलीला शिकवलं. मुलगी डॉक्टर झाली.

ताई निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर होती. त्या मेलबॉक्समधला एकही फोल्डर आता तिला बंद नव्हता.