सात ते आठची बैठक

“मी सासरी परत जाणार नाही,” मुलगी म्हणाली.

“हळू,” आई म्हणाली.

सकाळचे सव्वासात वाजले होते. बंद दाराआड वडील श्वास मोजत ध्यानाला बसले होते, आणि ते सात ते आठ बसले की घरात टाचणीनेही विचारून पडायचं. त्या तासापुरती आई दाराची बेल बंद ठेवी. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून तिने ते कायमचंच कपाटात टाकलं होतं, आणि कुकर फुसफुसायला लागला की ती शिट्टीआधीच गॅसवर झडप घालायची. छापखान्यात ज्यांना लोक पाठीमागे ‘भडका’ म्हणत, ज्यांनी घरातल्या निम्म्या ताटांना भिंतीवर आपटून पोचे पाडले होते, ते हल्ली मुंगीलाही फुंकर मारून बाजूला करत. तीन वर्षांत त्यांचा आवाज चढला नव्हता. आईला या शांततेचं अप्रूप होतं आणि धाकही तेवढाच.

मुलीने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला होता.

आईने त्या हातावर अलगद तळवा ठेवला आणि आधी बंद दाराकडे पाहिलं.

“बाबा उठले की त्यांना सांगते,” मुलगी म्हणाली. “आयुष्यभर त्यांच्या रागाला घाबरले. एकदा तरी तो माझ्या कामी येऊ दे.”

“वेडी आहेस का? यांना राग येता कामा नये, असं डॉक्टर म्हणालेत ना? यांचं मन आत्ता कुठे थाऱ्यावर आलंय. दोन महिने कळ काढ गं. जरा पक्कं होऊ दे, मग मी बोलते.”

“मग बोलत नाही मी त्यांच्याशी. नुसतं राहू दे इथे. आवाज नाही करणार.”

“तू नाही करणार. पण तो येईल ना तुला शोधत! दारात तमाशा करेल, चार लोक गोळा होतील. मग यांचं...” आईने बंद दाराकडे बोट केलं.

मुलगी हसली. “बरं. तोवर मीही होते पक्की.”

“हसू नकोस, आत ऐकू जाईल.”

मग मुलीला रडू फुटलं. आईने तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. मायेने धरलं की हुंदका बाहेर पडू नये म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पावणेआठला मुलीने पिशवी उचलली आणि चपला हातात घेऊन ती जिना उतरली. आईने कडी दोन बोटांत धरून सावकाश लावली. मग तिथेच, दाराला पाठ लावून, ती खाली बसली. आपण काय केलं हे तिला कळत होतं. दुसरं काय करायला हवं होतं, ते कळत नव्हतं.

आठ वाजता वडील बाहेर आले. चेहरा नुकत्याच धुतलेल्या पाटीसारखा स्वच्छ होता. त्यांनी बायकोला हात देऊन उठवलं, खुर्चीत बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं.

“पोरगी गेली?” त्यांनी विचारलं.

ती दचकली. “तुम्हाला कसं कळलं?”

“भिंती काय कापसाच्या आहेत? ऐकू येत होतं की. ती रडली तेही.”

त्यांनी तिच्या हातातला पेला काढून घेऊन खाली ठेवला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उभ्या संसारात त्यांनी असा हात कधी घेतला नव्हता. त्यांचे डोळे आनंदाने भरून आले होते.

“शब्द न् शब्द ऐकला गं,” ते म्हणाले, “आणि श्वास एकदाही चुकला नाही.”